मॅक्डोनाल्ड वेधशाळेची स्टार पार्टी आणि दोन हजार माणसांची जेफ डेव्हिस काउंटी

सूनबाईने मॅक्डोनाल्ड वेधशाळेच्या स्टार पार्टीची, म्हणजे रात्री उघड्यावर बसून तारे बघायच्या कार्यक्रमाची, तिकिटं काढायला घेतली तेव्हा मी एकच विचारलं, त्या रात्री चंद्र आहे का? तिने मोबाइलवर बघितलं आणि म्हणाली, "आई, त्या दिवशी अमावास्या आहे. आपली दिवाळीची." 2024 सालची, 1 नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन आदल्या संध्याकाळी टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या घरी उरकलं आणि पहाटे गाडीत बसलो. मुलगा, सून, नऊ वर्षांची नात, हे आणि मी. सोबत थालीपिठं, शेंगदाण्याची चटणी आणि फराळाचे दोन डबे. डब्यांचं पुढे सांगते, कारण तिकडे जाणाऱ्यांना ते उपयोगी पडेल.

मी कुडाळला तेहेतीस वर्षं भूगोल शिकवला. नववीच्या मुलांना टिंब नकाशा शिकवताना सांगायचे, एक टिंब म्हणजे हजार माणसं धरा. त्या हिशोबाने आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात साडेआठशे टिंबं बसतात. वेधशाळा आहे त्या जेफ डेव्हिस काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) क्षेत्रफळ सुमारे 5,866 चौरस किलोमीटर, म्हणजे 5,207 चौरस किलोमीटरच्या सिंधुदुर्गापेक्षा थोडं जास्तच. आणि 2020 च्या जनगणनेत तिथली माणसं भरली 1,996. दोन टिंबं. सिंधुदुर्गात दर चौरस किलोमीटरला 163 माणसं राहतात, तिथे तीन चौरस किलोमीटरला मिळून एक. हे आकडे मला घरूनच माहीत होते, तरी प्रत्यक्ष रस्त्यावर गेल्याशिवाय ते कळले नव्हते असंच म्हणेन.

ऑस्टिनहून फोर्ट डेव्हिस, म्हणजे वेधशाळेजवळचं गाव, सात तास. महामार्ग क्रमांक 10 वर ताशी 80 मैलांची मुभा आहे आणि तरीही डोंगर जवळ येत नाहीत. बाल्मोरिया गावापाशी महामार्ग सोडून 17 क्रमांकाच्या रस्त्याला लागलो आणि जमीन उठायला लागली. आधी पिवळं गवत, मग दोन्ही बाजूंना तांबूस-तपकिरी कडे. मी मुलाला गाडी बाजूला घ्यायला लावली. कडे उभ्या खांबांचे होते, एकाला एक चिकटून उभे केल्यासारखे. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल बघितली असेल तर अंदाज येईल, फक्त ती काळ्या बेसाल्टची आणि हे खांब रायोलाइटचे. दोन्हीकडे कारण तेच, लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. आपलं दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, डेव्हिस पर्वताचे ज्वालामुखी साधारण साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचे. नातीला हात लावून बघायला सांगितलं. दगड उन्हाने गरम होता.

तिथेच तिने विचारलं, "आजी, इथे लोकच का नाहीत?"

या प्रश्नाचं एक उत्तर पाऊस. फोर्ट डेव्हिसला वर्षभरात साधारण 400 मिलिमीटर पडतो. आमच्याकडे जुलैच्या एका जोरदार आठवड्यात तेवढा पडून जातो. सगळीकडे चिवावाचं वाळवंट आणि त्यात हा डेव्हिस पर्वत बेटासारखा वर आलेला, म्हणून त्याच्या माथ्यावर थोडा जास्त पाऊस, थोडी झाडं, गवत. गवत आहे म्हणून गुरं, आणि एका गाईला इतकं रान लागतं की दोन रँचांची घरं एकमेकांच्या नजरेत येत नाहीत. शेती नाही म्हणून वाड्या नाहीत, वाड्या नाहीत म्हणून बाजार नाही.

पण पाऊस हे अर्धंच उत्तर. दुसरं अर्धं आम्हाला किल्ल्यात मिळालं. स्टार पार्टीला जाणाऱ्यांनी दिवसा किल्ला बघितलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. नुसतं वेधशाळेत जाऊन परत आलात तर निम्मं राहून जाईल.

किल्ला म्हटल्यावर तट-बुरूज डोळ्यांसमोर आणू नका. फोर्ट डेव्हिस ही लष्कराची छावणी. सॅन अँटोनियोहून एल पासोकडे जाणाऱ्या वाटेवर लिम्पिया ओढ्याचं पाणी होतं, म्हणून 1854 मध्ये इथे ठाणं बसवलं आणि तेव्हाचे युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांचं नाव दिलं. हेच डेव्हिस पुढे गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांचे अध्यक्ष झाले. यादवी युद्धानंतर, 1867 मध्ये छावणी पुन्हा उभी राहिली ती कृष्णवर्णीय सैनिकांच्या 9 व्या घोडदळाकडून. इंग्रजीत त्यांना बफेलो सोल्जर्स म्हणतात. छावणीवर नाव तेच राहिलं, आणि पुढे गावाला, डोंगराला, काउंटीलाही.

कड्याच्या कुशीत मोकळं मैदान आहे. एका बाजूला अधिकाऱ्यांच्या घरांची रांग, समोर सैनिकांच्या बराकी. काही इमारती नीट राखल्या आहेत, आत खाटा, कपडे, भांडी मांडलेली. बाकीच्यांचे नुसते चौथरे आणि मातीच्या विटांच्या भिंती उरल्यात. आम्ही मैदानाच्या मधोमध होतो आणि अचानक बिगुल वाजला. मग घोड्यांच्या टापा, हुकूम, बँड. माणूस एकही नाही. जुन्या काळच्या संध्याकाळच्या संचलनाचा आवाज ध्वनिक्षेपकावरून लावतात. कड्यावर आपटून तो आवाज परत येतो. मी दगडावर बसून सगळा ऐकला.

इथल्या एका माणसाबद्दल मी आधी काही वाचलं नव्हतं. लेफ्टनंट हेन्री फ्लिपर. 1856 मध्ये गुलामगिरीत जन्मलेला, 1877 मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून उत्तीर्ण झालेला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी. 1881 मध्ये याच छावणीत त्याच्यावर पैशांच्या अपहाराचा खटला चालला. अपहारातून तो निर्दोष सुटला, पण अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन केलं असा ठपका ठेवून त्याला लष्करातून काढून टाकलं. त्याला माफी मिळाली 1999 मध्ये, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हातून. तोवर त्याला जाऊन जवळजवळ साठ वर्षं झाली होती. नातीला हे सांगताना माझा आवाज जड झाला. ती म्हणाली, "मग त्याला कळलंच नाही?" नाही कळलं.

आता माणसं कमी का, याचं राहिलेलं उत्तर. 1880 नंतर रेल्वे आली ती दक्षिणेकडच्या सपाटीवरून, मार्फावरून. फोर्ट डेव्हिस तोवर प्रेसिडिओ काउंटीचं मुख्यालय होतं. 1885 मध्ये मतदान होऊन मुख्यालय मार्फाला गेलं. इथल्या लोकांना ते मानवलं नाही, त्यांनी 1887 मध्ये आपली वेगळी काउंटी करून घेतली. हे वाचताना मला 1 मे 1981 आठवला, रत्नागिरीतून आमचा जिल्हा वेगळा झाला तो दिवस. फरक असा की आमच्याकडे पुढे रेल्वे आली. यांच्याकडे मुख्यालय राहिलं, रेल्वे एकवीस मैलांवर राहिली, आणि 1891 मध्ये लष्करही छावणी सोडून गेलं. ज्यांच्यासाठी दुकानं होती तेच निघून गेले. तेव्हा जे गाव उरलं, तेवढंच साधारण आजही आहे. फोर्ट डेव्हिसमध्ये हजारभर माणसं राहतात, काउंटीची जवळजवळ निम्मी. नगरपालिका असलेलं काउंटीतलं एकमेव गाव व्हॅलेंटाइन, आणि तिथे 2020 मध्ये माणसं होती 73. 1931 चा टेक्सासमधला सर्वांत मोठा भूकंप त्याच गावापाशी झाला होता.

काउंटीची लोकसंख्या 2000 मध्ये 2,207, 2010 मध्ये 2,342 आणि 2020 मध्ये 1,996. मधल्या काळात, एप्रिल 2011 मध्ये, मार्फाजवळ पेटलेल्या वणव्याने तीन लाख एकरांहून जास्त रान जाळलं, त्यात फोर्ट डेव्हिसमधली घरंही गेली. लोकसंख्या त्यामुळेच घटली असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण घटत्या आकड्यांचं मला वाटतं काहीतरी, कारण 2011 च्या जनगणनेत आमचाही जिल्हा 8,68,825 वरून 8,49,651 वर आला होता. बंद घराचं कुलूप कसं गंजतं हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. फोर्ट डेव्हिसच्या रस्त्यावरून चालताना तशी दोन-तीन घरं मी बघितली, अंगणात गवत वाढलेली.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. इथले रँचवाले 1890 पासून दर वर्षी एका ओकच्या राईत जमतात, ब्लॉइस कॅम्प मीटिंग म्हणतात. विल्यम ब्लॉइस नावाच्या धर्मोपदेशकाने सुरू केलेली. प्रार्थना, एकत्र जेवण, मुलांचे खेळ, तिथेच मुक्काम. वर्षभर शेजाऱ्याचं तोंड न दिसणारी माणसं त्या दिवसांत एकमेकांना भेटतात. आंगणेवाडीच्या जत्रेला मुंबईकर चाकरमानी कसा रजा टाकून येतो, तसंच मला वाटलं.

आता राहायचं आणि खायचं. आम्ही उतरलो ते मोटेल मी नावानिशी सांगत नाही. खोली स्वच्छ होती, पण हीटर रात्री दोनला बंद पडला आणि कार्यालयात कोणी नव्हतं. पाच माणसांनी दोन पलंगांवरच्या सगळ्या चादरी एकत्र करून रात्र काढली. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर आपली एक-दोन ब्लँकेटं गाडीत टाका. दुसरं, गाडीत पेट्रोल आणि बरोबर खाणं भरून घेऊन जा. संध्याकाळी आम्ही जेवायला निघालो तर एक ठिकाण बंद झालं होतं, दुसरीकडे शाकाहारी म्हणून उसळीसारखा वाटलेला घेवडा भरलेली पोळी मिळाली. गरम होती, चवीला चांगली होती. पण रात्री अकराला वेधशाळेतून परत आल्यावर पोटाला जे लागलं ते आमचं थालीपीठ आणि चकल्या. दुकानातली बाई मात्र इतकी आपुलकीने बोलली की काय सांगू. आम्ही कुठून आलो, भारतात कुठे, समुद्र किती लांब, सगळं विचारलं. रांगेत मागे कोणी नव्हतं आणि तिला कसली घाई नव्हती.

वेधशाळा गावापासून सोळा-सतरा मैलांवर, माउंट लॉकवर. शिखर 6,790 फूट, म्हणजे 2,070 मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटर उंच, आणि वरपर्यंत डांबरी रस्ता. ती इथे कशी आली ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. टेक्सासच्या पॅरिस गावातले बँकर विल्यम मॅक्डोनाल्ड 1926 मध्ये वारले आणि मृत्युपत्रात आपली बहुतेक संपत्ती टेक्सास विद्यापीठाला वेधशाळेसाठी ठेवून गेले. नातेवाईक कोर्टात गेले, पण तरीही मोठी रक्कम विद्यापीठाच्या हाती आली. विद्यापीठाकडे तेव्हा खगोलशास्त्रज्ञच नव्हते, म्हणून शिकागो विद्यापीठाशी तीस वर्षांचा करार केला. 1939 मध्ये 82 इंची आरशाची दुर्बीण उभी राहिली, त्या वेळची जगातली दुसऱ्या क्रमांकाची. तिच्यातूनच खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर यांनी 1948 मध्ये युरेनसचा मिरांडा आणि 1949 मध्ये नेपच्यूनचा नेरीड हे उपग्रह शोधले. 1968 मध्ये 107 इंची आली. शेजारच्या माथ्यावरच्या हॉबी-एबर्ली दुर्बिणीचा आरसा 91 षट्कोनी तुकड्यांचा आहे. दिवसाच्या फेरीत हे सगळं दाखवतात. चढ आहे, माझे गुडघे बोलले, पण बसायला जागा मिळते.

स्टार पार्टी रात्री उशिरा सुरू होते, आणि त्याला भूगोलाचंच कारण आहे. इथे घड्याळ मध्य प्रमाणवेळेचं, ती 90 अंश पश्चिम रेखावृत्तावर बेतलेली. काउंटी मात्र 104 अंशांच्या आसपास. चौदा अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे जवळजवळ तास. शिवाय उन्हाळी वेळेचा एक तास अजून चालू होता. त्यामुळे नोव्हेंबर लागला तरी सूर्य सातनंतर मावळला. मुलांना दुपारी झोपवून न्या. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, जागा भरतात.

उघड्यावर, अर्धगोलात दगडी पायऱ्या आहेत, त्यांवर सगळे बसतात. पायाशी मंद लाल दिवे. पांढरा दिवा लावायचा नाही, मोबाइलसुद्धा नाही. आमच्या पुढच्या एका गृहस्थांनी फोन उघडला आणि आजूबाजूच्या वीसेक माणसांचे सरावलेले डोळे वाया गेले. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, एक झगझगीत पडदा ते क्षणात घालवतो. जाणाऱ्यांनो, फोन गाडीत ठेवा.

कार्यक्रम सांगणाऱ्या बाईंच्या हातात हिरव्या किरणाचा दिवा होता. त्यांनी तो वर रोखला आणि ती रेघ थेट ताऱ्याला टेकल्यासारखी दिसली. त्या इंग्रजीत नावं सांगत होत्या, मी नातीच्या कानात मराठीत. ही शर्मिष्ठा, ही देवयानी, तो हंस, पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका. देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसली, धुराचा लांबट डाग. 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश. आकाशगंगा हंसातून पश्चिमेकडे उतरत होती आणि तिच्यातला काळा चर इतका ठळक होता की ह्यांना तो ढगच वाटला. मी लहानपणी, वीज यायच्या आधी, आजोळच्या खळ्यात झोपून हे आकाश बघितलेलं आहे. त्यानंतर त्या रात्रीच.

मग दुर्बिणींपाशी रांगा. शनी बघितला. त्याची कडी तेव्हा जवळजवळ कडेने दिसत होती, ग्रहातून सुई आरपार गेल्यासारखी. पाठ्यपुस्तकातल्या चित्राची अपेक्षा ठेवून नात थोडी हिरमुसली, पण तिथल्या तरुणाने गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ताट तिरकं करावं तसं करून तिला समजावलं. रांगेत तिच्यामागे निदान तीस माणसं होती, तरी त्याने तिचे सगळे प्रश्न पुरे होऊ दिले. मी शिक्षिका आहे, असा माणूस मला लगेच ओळखू येतो.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाटलं ते सांगते. हा अंधार आपोआप राहिलेला नाही. माणसं कमी हे खरं, पण दोन हजार माणसांचे उघडे दिवेसुद्धा आभाळ नासवायला पुरे असतात. इथे दिव्यांचा प्रकाश खालीच पडला पाहिजे असा नियम आहे आणि लोक तो पाळतात. गावात परत येताना मी मुद्दाम बघत होते. पेट्रोल पंपाला, दुकानांना, घरांच्या दारांना टोपी घातलेले दिवे, पिवळसर. 2022 मध्ये हा भाग, शेजारच्या काउंट्या आणि सीमेपलीकडचा मेक्सिकोचा मुलूख मिळून 15,000 चौरस मैलांहून मोठं अंधारं आकाश राखीव क्षेत्र जाहीर झालं. आपल्याकडेही महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत अंधारं आकाश उद्यान असा मान मिळाला, भारतातलं असं पहिलं उद्यान. तिकडे मी अजून गेलेले नाही, आता जाणार. आणि आमच्या वाडीतल्या खांबावरचा तो पांढरा दिवा, जो निम्मा उजेड माडांच्या शेंड्यांवर टाकतो, त्याला टोपी बसवावी म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचं मी गाडीतच ठरवलं.

पैसे वसूल झाले का, असं घरी फोनवर बहिणीने विचारलं. हो, पुरेपूर. चौदा तासांच्या प्रवासासकट. फक्त अमावास्येच्या आगेमागेच्या रात्री बघा, पौर्णिमेला गेलात तर चंद्र छान दिसेल पण आकाशगंगा नाही. गरम कपडे वाटतात त्याच्या दुप्पट घ्या, नोव्हेंबरमध्ये आम्ही सगळे स्वेटरवर शाल घेऊन बसलो होतो.

निघण्याआधी नातीला मी ध्रुव मोजायला शिकवला. हात सरळ पुढे ताणायचा, मूठ आवळायची, एक मूठ म्हणजे दहा अंश. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत जितके अंश, तितकं आपलं अक्षवृत्त. तिने डोळा मिटून एकावर एक मुठी ठेवल्या, तीन भरल्या आणि वर किंचित उरलं. फोर्ट डेव्हिस 30.6 अंशांवर आहे. कुडाळला दीड मूठ भरते, म्हणजे ध्रुव जेमतेम माडांच्या वर. मे महिन्यात ती येणार आहे. पावसाचे ढग यायच्या आत, खळ्यात उभं राहून मोजायचं ठरलंय.